हळदीच्या डब्यातला खर्ज

आमच्या मॅडम टीव्हीवर फक्त जाहिराती बघायच्या. मालिका सुरू झाली की आवाज बंद करून त्या मेथी निवडायला बसत, आणि जाहिराती लागल्या की हातातली जुडी तशीच ठेवून पुढे सरकत. साबणाच्या, चहाच्या, दागिन्यांच्या जाहिराती त्यांना चालायच्या. पण खरा जीव मोटारीच्या जाहिरातीत. वळणाचा ओला रस्ता, त्यावरून सळसळत जाणारी गाडी, आणि तिच्याखाली तो यंत्रातून काढलेला, पोटात घुमणारा सूर. तो सूर लागला की घरात कुणी शिंकलेलंही त्यांना खपत नसे.

एकदा आमच्या आयटीआयचे प्राचार्य त्यांच्या घरी आले होते. काहीतरी गंभीर बोलणं चाललं होतं, बहुधा मॅडमच्या बदलीचं. मध्येच मोटारीची जाहिरात लागली. मॅडमनी सरळ हात वर केला, वर्गात गोंगाट करणाऱ्या पोराला दाखवायच्या तसा. प्राचार्य गप्प. जाहिरात संपली, हात खाली आला.

"हां सर, काय म्हणत होतात?"

प्राचार्यांना आठवेना. चहा पिऊन ते उठले. ती बदली पुढे झालीच नाही.

मी नांदेडच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकायला गेले तेव्हा आमच्या तुकडीत तीनच मुली होत्या. मी अर्धापूरची, केळीवाल्यांच्या घरातली. बाकीच्या दोघी किनवटकडच्या, आश्रमशाळेत राहून शिकलेल्या. पहिल्या दिवशी आम्ही कोऱ्या वह्या उघडून बसलो. मॅडम आल्या. ठेंगण्या, सावळ्या, सुती साडीवर निळा ॲप्रन, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली. फळ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"गप बसा. काय ऐकू येतंय ते सांगा."

कुणी म्हणालं पंखा, कुणी म्हणालं रिक्षा. मॅडम मान हलवत राहिल्या. मग त्यांनी पंखे बंद केले, खिडक्या लावून घेतल्या. थोड्या वेळानं ते आम्हाला ऐकू आलं. वरच्या ट्यूबलाइटच्या चोकमधून येणारी बारीक, एकसुरी गुणगुण.

"हाव, हेच," मॅडम म्हणाल्या. "ही तारेतली वीज गाते. किनवटच्या शाळेत हाच सूर, मुंबईच्या बंगल्यात हाच सूर. आख्खा देश एका पट्टीत गाऊन राहिलाय आणि कुणाला पत्ता न्हाई."

एवढं सांगून त्यांनी पंखे लावले आणि रेझिस्टरचे रंग शिकवायला घेतले. मी मात्र तेव्हापासून कुठल्याही खोलीत शिरले की आधी तो सूर शोधते. ही खोड अजून गेलेली नाही. लग्नानंतर नवऱ्याच्या घरी पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा मी फ्रिजकडे कान लावून उभी होते, हे सासूबाई अजून सगळ्यांना सांगतात.

मॅडमचं दोन खोल्यांचं भाड्याचं घर होतं. स्वयंपाकघरात दोन फळ्या. वरच्या फळीवर डबे आणि खालच्या फळीवरही डबे. सगळे सारखेच, जुने, पितळी कडीचे नाहीतर ॲल्युमिनियमचे, आणि प्रत्येकावर तेलरंगानं नाव लिहिलेलं. हळद. तिखट. साखर. शेंगदाणा. वरच्या फळीवर खरोखरच हळद, तिखट, साखर असायचं. खालच्या फळीवरच्या डब्यांमध्ये मॅडमनी वाद्यं बांधली होती. भंगारातल्या रेडिओचे सुटे भाग, टीव्हीची जुनी बटणं, झाकणाला भोक पाडून बसवलेला स्पीकर. हळदीच्या डब्यातून खर्ज निघायचा, इतका खोल की फळीवरची भांडी थरथरायची. तिखटाचा डबा नावाप्रमाणे कानाला झोंबणारा. शेंगदाण्याच्या डब्यातून तडतड ठेका.

नवख्या माणसाची पंचाईत व्हायची. एकदा आम्ही मुली चहा करत होतो. मी चुकून खालच्या फळीवरचा साखरेचा डबा ओढला आणि आत हात घातला, तर आतून कोंबडीचं पिल्लू दाबल्यासारखा आवाज आला. मी किंचाळले. बाहेरून मॅडम ओरडल्या, "काय केलंस गं? पुन्हा कर! पुन्हा कर! तो आवाज मला कालपासून सापडून न्हाई राहिला!"

त्या दिवशी चहा बिनसाखरेचा झाला.

हे सगळं त्या कुणासाठी करत होत्या? विचारलं तर म्हणत, "कानासाठी." आयटीआयच्या स्नेहसंमेलनात त्यांनी एकदा पाच मिनिटांचा कार्यक्रम करायचं ठरवलं. टेबलावर सहा डबे मांडले, ॲप्रन काढून ठेवला, डोक्यावरून पदर घेतला आणि सुरुवात केली. पहिल्या मिनिटाला पोरांना वाटलं, माइक बिघडलाय. दुसऱ्या मिनिटाला शिट्ट्या सुरू झाल्या. मागून कुणीतरी ओरडलं, "मॅडम, कुकर उतरवा!" सभागृह हसून हसून लोटपोट झालं. तिसऱ्या मिनिटाला कुणीतरी माइकची वायरच काढली. मॅडम थांबल्या नाहीत. उरलेली दोन मिनिटं त्यांनी माइकशिवाय वाजवलं, पुढच्या रांगेपलीकडे काहीच ऐकू जात नव्हतं तरी. मग नमस्कार केला, डबे पिशवीत भरले. मी रडवेली होऊन मदत करत होते.

"तू कशाला तोंड पाडलंस?" त्या म्हणाल्या. "साउंडवाल्यानं खर्ज कमी ठेवला होता. चूक त्याची हाय."

मोटारीच्याच जाहिराती का, हे मी त्यांना एकदा विचारलं. सोल्डर करता करता त्यांनी उत्तर दिलं होतं, तेव्हा धुरामुळे त्यांचे डोळे बारीक झाले होते.

"सनई वाजली की माणसाला लग्न आठवतं. बासरी वाजली की गाव आठवतं. पेटी वाजली की मला माझा भाऊ आठवतो, भजनात बसलेला. आता मोटार विकणाऱ्याला काय पाहिजे? माणसानं मागचं काही आठवू नये. हा यंत्रातला सूर कुणाच्या वरातीत वाजला न्हाई, कुणाच्या मयतीला वाजला न्हाई. कोरा हाय. कोऱ्या सुरावर कोरी गाडी शोभती."

"मग जाहिरात बनवणाऱ्यांना हे माहीत असतं?"

"मालूम असतं. पण लोक आळशी. कालची ती पांढरी गाडी बघितलीस? मागच्या साली लाल गाडीला हाच सूर होता. फक्त जरा हळू फिरवून लावलाय. त्यांना वाटतं कुणाला कळत न्हाई." मग डोळे पुसत म्हणाल्या, "प्रत्येक गाडीचा स्वतःचा सूर असतोय. तो काढून त्याचं गाणं करायला पाहिजे. एकदा करून दाखवीन मी."

त्या निवृत्त झाल्या तेव्हा मी लातूरला मोटारीच्या शोरूममध्ये नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती. आयटीआय झालेल्या मुलीनं शोरूममध्ये काय करायचं? तर आलेल्या गिऱ्हाइकाला गाडीतली बटणं समजावून सांगायची आणि सणासुदीला जाहिरातीचं बघायचं. मॅडमच्या निरोप समारंभाला मी नांदेडला गेले. समारंभ आटोपून घरी आलो, तर त्यांचे थोरले भाऊ येऊन बसलेले. चाकूरजवळच्या खेड्यात त्यांची शेती. गावात भजनी मंडळ त्यांचंच, म्हणून सगळे त्यांना बुवा म्हणत. उंच, पांढरी टोपी, आवाज असा की हळू बोलले तरी रस्त्यापर्यंत जावा.

"बास झालं आता," बुवा बहिणीला म्हणाले. "चाकूरला चल. घर हाय, माणसं हायत. म्हातारपणी एकटी कशाला राहतीस?"

"माझी इथं कामं हायत, दादा."

"कसली कामं? हे डबे?" बुवांनी खालच्या फळीकडे हात केला. "अगं, ह्या सुराला ना आई ना बाप. कुठून आला, कुणाचा हाय, काय ठिकाणा न्हाई. तीस वर्षं वाजवून राहिलीस. एका तरी माणसानं उभं राहून ऐकलंय का? सांग ना. एका तरी?"

स्नेहसंमेलनात हसणाऱ्या पोरांचं मॅडमना काही वाटलं नव्हतं. पण भाऊ गाणारा होता. त्याला सुरातलं कळत होतं. त्यांनी हातातला निरोपाचा नारळ टेबलावर ठेवला, तो घरंगळला, तो पुन्हा ठेवला.

"दिवाळीपर्यंत सांगते," त्या म्हणाल्या.

दोन महिन्यांनी मी पुन्हा गेले. चहा करायला फळीपाशी उभी राहिले आणि सवयीनं खालचा शेंगदाण्याचा डबा हलवून पाहिला. आत शेंगदाणे होते.

खरेखुरे शेंगदाणे. वायरी काढून गुंडाळून कोपऱ्यात ठेवल्या होत्या. मी मॅडमकडे वळून पाहिलं. त्या टीव्हीकडे बघत होत्या. जाहिरात चालू होती आणि आवाज बंद होता.

मी लातूरला परतले ती बेचैन होऊनच. आणि त्याच आठवड्यात आमच्या शोरूममध्ये पहिली विजेवर चालणारी गाडी आली.

आमचे मालक मनाचे दिलदार, पण घाईचे. गाडीभोवती दोन फेऱ्या मारून त्यांनी मला बोलावलं. "दसऱ्याच्या आधी कार्यक्रम घ्यायचाय. आपली स्वतःची जाहिरात पाहिजे, थेटरात लावायला. चाळीस सेकंदांची. पण पंचाईत अशी हाय की ह्या गाडीला आवाजच न्हाई. लोकांना ऐकवायचं काय?"

मी म्हणाले, "सर, एक मॅडम आहेत नांदेडला."

मॅडम येतील की नाही याची मला खात्री नव्हती. फोनवर मी सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "गाडी कुठाय? आत की उन्हात?"

"शोरूममध्ये, मॅडम."

"तिला उन्हात काढू नका, पत्रा तापला की सूर बदलतो. मी येते."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं त्या आल्या. दोन्ही हातांत पिशव्या, अंबाड्यात पेन्सिल. मालकांना नमस्कार करून त्या थेट गाडीपाशी गेल्या. पिशवीतून एक लांब पेचकस काढला, त्याचं टोक गाडीच्या पत्र्याला टेकवलं आणि मुठीला कान लावून, डोळे मिटून उभ्या राहिल्या. शोरूममधली सगळी माणसं काम सोडून बघायला लागली.

"काय करायलाव मॅडम?" मालकांनी विचारलं.

"ऐकायलेय."

"पण गाडी बंद हाय."

"बंद गाडी कशी वाजती ते आधी ऐकावं लागतं. मग चालू केल्यावर काय वाढलं ते कळतं."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

मग त्यांनी दारं उघडून मिटून पाहिली. चारही दारं, दहा-दहा वेळा. काच वर-खाली केली. पट्टा ओढला, सोडला. शेवटी ड्रायव्हरला बसवून औशाच्या रस्त्यानं तीन चकरा मारायला लावल्या. मी मागच्या सीटवर होते. मॅडम पुढे वाकून, मांडीवरचं रेकॉर्डिंगचं यंत्र सांभाळत ड्रायव्हरला सांगत होत्या, "हळू. आणखी हळू. आता धर तसंच. हां... आली बघ." त्यांचा चेहरा एकदम उजळला. "मुकी न्हाई गं ही. आतल्या आत गाऊन राहिली."

येताना एमआयडीसीत त्यांनी गाडी डाळमिलपाशी थांबवायला लावली. तिथली मोठी चाळणी हलताना जो आवाज होतो, खस्-खस्-खसाखस, तो त्यांनी अर्धा तास उभ्यानं नोंदवला. केसांवर, भुवयांवर तुरीचा भुसा. मिलचा मुकादम हात जोडून म्हणाला, "बाई, हा आवाज बंद व्हावा म्हणून आम्ही देवाला नवस करायलो, आणि तुम्ही भरून न्यायलाव?"

दहा दिवसांनी जाहिरात तयार झाली. चित्रं आमच्याकडच्या लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्या पोरानं काढली होती: सोयाबीन निघालेली रानं, लांबचा रस्ता, त्यावर ती गाडी. सूर मॅडमचे. मालकांच्या केबिनमध्ये आम्ही ती लावली. सुरुवातीला हळदीच्या डब्यातला खर्ज, त्यावर डाळमिलची चाळणी ठेक्यात, दार मिटल्याचा एक भरदार आवाज, मग गाडीच्या मोटारीचा सूर उचलून त्यावर रचलेली धून, चढत चढत गेलेली. आणि ऐन भरात सगळं एकदम थांबतं. पाच सेकंद काही नाही. पडद्यावर गाडी रस्त्यानं चाललेली, आणि पूर्ण शांतता.

"बंद पडलं काय?" मालक घाबरून म्हणाले.

"न्हाई," मॅडम म्हणाल्या. "ती तुमची गाडी हाय."

मालक बराच वेळ कपाळ चोळत बसले. मग म्हणाले, "मॅडम, तुमचा मान राखून सांगतो. लातूरच्या पब्लिकला ढोल लागतो. हे ऐकून लोक हसतील." त्यांनी दुसरीकडून एक जाहिरात करून घेतलीच होती. ढोल-ताशे, तुतारी, आणि एक भारदस्त आवाज: लातूरकरांनो, इतिहास घडतोय!

मॅडम पिशवी आवरायला लागल्या. त्यांनी वाद घातला नाही. शेंगदाण्याच्या डब्याची मला आठवण झाली, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा मालकांपुढे आवाज चढवला.

"सर, कार्यक्रमात दोन्ही लावा. लोकांनाच ठरवू द्या."

"आणि लोक हसले तर?"

"तर मला जाहिरातीच्या कामातून काढा. मागं वर्कशॉपमध्ये टाका, गाड्या धुवायला."

मालकांनी मॅडमकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "ठीक हाय," म्हणाले. "आधी ढोल. मग तुझं."

त्या दिवशी मी आणखी एक उद्योग केला. बुवांना फोन लावला. रविवारी सकाळी लातूरला मॅडमचा कार्यक्रम आहे म्हणून सांगितलं.

"सत्कार हाय का?" बुवांनी विचारलं.

"हाव," मी म्हणाले. खोटं बोलले.

रविवारी अकरा वाजता हॉल भरला. डॉक्टर, क्लासचे मास्तर, वकील, आणि निम्म्याहून जास्त खेड्यांतली बागाईतदार मंडळी, बायकापोरांसह. कंपनीचे पुण्याचे साहेब पहिल्या रांगेत. बुवा स्वच्छ धोतर, कडक टोपी घालून आले होते आणि स्टेजवर हारतुरे दिसेनात म्हणून गोंधळले होते. मी त्यांना तिसऱ्या रांगेत बसवलं. मॅडम कुठे होत्या? साउंडवाल्याच्या शेजारी. त्या त्याच्या यंत्रावर हात ठेवून उभ्या होत्या आणि त्याला बजावत होत्या, "खर्जाला हात लावलास तर बघ."

पहिली जाहिरात लागली. ढोल सुरू झाले तसं मागच्या रांगेतला एक हौशी माणूस उठून नाचायलाच लागला. लोक त्याला बघून हसले. कुणाचा फोन वाजला, कुणी शेजाऱ्याशी बोलत राहिलं. जाहिरात संपली, टाळ्या पडल्या. मालकांनी माझ्याकडे विजयी नजर टाकली.

मग दुसरी.

खर्ज आधी कानाला नाही लागला, पायांना लागला. खुर्च्यांच्या लोखंडी पायांमधून तो वर आला. बोलणारी माणसं बोलता बोलता थांबली. चाळणीचा ठेका सुरू झाला तेव्हा डाळमिलवाले दोघं-तिघं एकमेकांना कोपर मारायला लागले: अरे, आपलीच की ही! दार मिटलं. धून चढायला लागली. मी पडद्याकडे बघत नव्हते, माणसांकडे बघत होते. एक म्हातारी हातातला लाडू तसाच तोंडाशी धरून बसली होती. आणि मग ते थांबलं. पाच सेकंद. पाचशे माणसांच्या हॉलमध्ये पंख्यांशिवाय कसलाही आवाज नाही.

जाहिरात संपली तरी कुणी टाळी वाजवली नाही. गाड्या धुवायचा पाइप माझ्या डोळ्यांपुढे आला.

तेवढ्यात मधल्या रांगेतून एका बाईचा आवाज आला, मोकळा, रानात हाक मारतात तसा.

"ओ दादा! ती परत लावा की!"

"हाव, लावा परत!" दुसरीकडून कुणीतरी ओरडलं. मग तिसरं, चौथं. मालक उठून उभे राहिले, साउंडवाल्याला हात केला. पुन्हा लागली. संपायच्या आत टाळ्या सुरू झाल्या, अगदी त्या पाच सेकंदांच्या शांततेतच, म्हणून लोकांनी एकमेकांना गप्प केलं आणि तिसऱ्यांदा लावायला लावली. तिसऱ्यांदा काही जण उभे राहून ऐकत होते.

टाळ्यांच्या त्या कल्लोळात तिसऱ्या रांगेतून बुवा उठले. दोन्ही हात वर केले. त्यांचा तो आवाज, माइकची गरज नसलेला, सगळ्या हॉलवर पसरला.

"थांबा जरा! हे कुणी केलंय?"

हॉल शांत झाला. बुवांना ठाऊक होतं कुणी केलंय. मला तेव्हा वाटलं, आता हे काहीतरी वाकडं बोलणार. मालक गडबडीनं म्हणाले, "नांदेडच्या मॅडमनी. त्या काय, तिथं उभ्या."

सगळी तोंडं मागं वळली. यंत्राशेजारी मॅडम उभ्या होत्या, अंबाड्यात पेन्सिल, हात पदरात गुंडाळलेले.

"नांदेडच्या न्हाईत," बुवा म्हणाले. "चाकूरच्या हायत. माझी धाकटी बहीण हाय ती!"

आणि तो उंच माणूस, भजनात टाळ वाजवतात तशा, हात डोक्याच्या वर नेऊन टाळ्या वाजवायला लागला. मॅडमनी स्नेहसंमेलनात केला होता तसाच नमस्कार केला. पण हात खाली आणायला त्यांना जमेना. त्यांनी ते तसेच चेहऱ्यावर धरले.

पुढचं सगळ्या लातूरला माहीत आहे. पुण्याच्या साहेबांनी ती जाहिरात मागून घेतली, ती आधी मराठवाड्यातल्या थेटरांत लागली, मग टीव्हीवर. शेवटी बारीक अक्षरांत मॅडमचं नाव यायचं, ती त्यांची एकुलती एक अट होती. मुंबईहून त्यांना बोलावणं आलं. त्यांनी कळवलं, माझी वाद्यं एसटीत हलत नाहीत, तुम्हीच या. तेव्हा गळ्यात हेडफोन अडकवलेली दोन माणसं नांदेडला आली, त्या दोन खोल्यांत मांडी घालून बसली आणि दिवसभर डबे ऐकत राहिली. त्यांनाही चहाला साखर मिळायला बराच वेळ लागला. खालच्या डब्यातले शेंगदाणे तोवर पिशवीत गेले होते. आज मॅडमच्या नावावर सात मोटारींच्या जाहिराती आहेत. एकाही गाडीचा सूर दुसरीला लावलेला नाही.

पण मला सगळ्यात जास्त आठवते ती त्याच रविवारची दुपार. मालक एवढे खूश झाले होते की त्यांनी त्या नव्या गाडीतूनच मॅडमना नांदेडला पोचवायचं ठरवलं. ड्रायव्हरशेजारी मॅडम, मागे मी आणि बुवा. बुवांना वाटेत चाकूरला सोडायचं होतं. गावात संध्याकाळी भजन होतं, पेटी त्यांच्याशिवाय कुणी धरत नसे, हे त्यांनी निघताना तीनदा सांगितलं होतं.

लातूर सुटलं. काचा बंद. गाडी एका वेगाला येऊन ठरली आणि तिचा तो बारीक सूर गाडीत भरला. थोड्या वेळानं बुवा मान तिरकी करून ऐकायला लागले.

"काळी चार," ते म्हणाले.

मॅडम गर्रकन मागे वळल्या. "काय म्हणालास?"

"काळी चारचा सूर हाय हा. पेटीवर ह्याच पट्टीत गातो मी."

"मला मशीन लावून दोन दिवस लागले ते काढायला!"

"मला विचारायचं की मग," बुवा म्हणाले.

मॅडम हसायला लागल्या. त्यांना इतकं मोठ्यानं हसताना मी पहिल्यांदा ऐकलं. मग ड्रायव्हरला म्हणाल्या, "साठवर धर. हलू देऊ नको." आणि भावाला म्हणाल्या, "लाव की सूर."

"इथं? गाडीत?"

"मग कुठं? तंबोरा चालू हाय."

बुवांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. घसा खाकरला. आणि त्या गाडीच्या सुरावर त्यांनी आपला षड्ज लावला, आधी दबकत, मग भरून. दोन्ही सूर असे मिसळले की कुठला माणसाचा आणि कुठला मोटारीचा ते कळेना. बुवांनी डोळे मिटले आणि आलाप घेतला. पुढं सोयाबीनची पोती भरलेला ट्रॅक्टर आला, ड्रायव्हरनं गाडी काढायला वेग वाढवला, सूर वर चढला, तसे बुवाही डोळे न उघडता त्याच्याबरोबर चढले. मॅडम आनंदानं डॅशबोर्डवर थापा मारायला लागल्या. गाडी पुन्हा साठवर आली, बुवाही अलगद खाली आले. आता मॅडमही गायला लागल्या. त्यांना गाता येतं हे मला माहीतच नव्हतं. आवाज चिरका होता, सूर पक्का होता.

चाकूर आलं. ड्रायव्हरनं वेग कमी केला तसा सूर उतरायला लागला. त्यानं मागे वळून विचारलं, "बुवा, कुठं थांबवू?"

बुवांनी डोळे उघडले नाहीत. तान अर्ध्यात होती. त्यांनी नुसता हात पुढे करून हलवला: चल, चल.

"अहो, पण तुमचं भजन?" मी म्हणाले.

त्यांनी तोच हात माझ्याकडे वळवला, गप बस म्हणून. ड्रायव्हरनं मॅडमकडे पाहिलं.

"दादाला काय विचारतोस?" मॅडम म्हणाल्या. "साठवर घे."

गाडीनं वेग घेतला, सूर पुन्हा आपल्या जागी आला, आणि चाकूरचा बसथांबा, तिथं बुवांना न्यायला मोटारसायकल घेऊन उभा असलेला त्यांचा मुलगा, त्याचा वर गेलेला हात आणि उघडं राहिलेलं तोंड, सगळं मागे पडलं.